बेदाण्यापासून कार्बन डॉट्स: कॉलेजच्या प्रयोगशाळेसाठी सविस्तर कृती

चिमूटभर हळद घ्या, चमचाभर स्पिरिटमध्ये ढवळा, खोलीतले दिवे मालवा आणि ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च त्यावर धरा. हिरवट-पिवळा उजेड दिसेल, अगदी झगझगीत. यात एकही नॅनोकण नाही. तो उजेड हळदीतल्या करक्युमिनचा आहे.

सांगलीत मी एम.एस्सी.च्या मुलांचे प्रकल्प पाहतो आणि कार्बन नॅनोकणांवर काम करायला येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी हेच करून दाखवतो. कारण या विषयात बहुतेक चुका एकाच समजुतीतून होतात: टॉर्चखाली उजळलं म्हणजे कण झाले. कण बनवणं एका दिवसाचं काम आहे. जे बनलं ते खरंच कण आहेत आणि उजेड त्यांचाच आहे, हे दाखवायला मात्र दोन-तीन आठवडे लागतात. म्हणून खाली बनवण्यापेक्षा शुद्ध करण्यावर आणि तपासण्यावर जास्त लिहिलं आहे.

थोडी पार्श्वभूमी. कार्बन डॉट्स म्हणजे साधारण १० नॅनोमीटरपेक्षा लहान कार्बनचे कण. गाभा कार्बनचा आणि पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल, कार्बोक्सिल, अमाइड असे गट, त्यामुळे ते पाण्यात सहज मिसळतात. २००४ मध्ये अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिना विद्यापीठात कार्बन नॅनोट्यूब शुद्ध करताना ते अनपेक्षितपणे हाती लागले. २००६ मध्ये क्लेमसन विद्यापीठातल्या या-पिंग सुन यांच्या गटाने लेसर वापरून ते बनवले आणि ‘कार्बन डॉट्स’ हे नाव रूढ झालं. २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल ज्या क्वांटम डॉट्सना (अर्धवाहकांच्या उजळणाऱ्या नॅनोकणांना) मिळालं, त्यांतले बरेच कॅडमियमसारख्या विषारी धातूंचे असतात. कार्बनमध्ये ती भीती नाही, म्हणून पेशींची चित्रं घेणं, औषध वाहून नेणं, पाण्यातले धातू ओळखणं अशा कामांसाठी त्यांच्याकडे आशेने पाहिलं जातं.

कच्चा माल कोणता घ्यायचा

सांगलीतल्या मुलांच्या मनात आधी हळदच येते. पहिल्या प्रयोगासाठी ती घेऊ नका. थोडं जरी करक्युमिन न जळता उरलं, तरी उजेड कणांचा की त्याचा हे सांगता येणार नाही. हिरव्या पानांचंही तसंच. हरितद्रव्य अतिनील उजेडात लाल दिसतं.

मी बेदाणा सुचवतो. वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, मिळायला सोपा, आणि तासगावच्या बाजारात निवडीतून बाजूला काढलेला मालही चालतो. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते सगळ्यांना माहीत असतं. प्रयोगासाठी महत्त्वाची गोष्ट दुसरीच आहे. द्राक्षं रॅकवर टाकण्याआधी ती डिपिंगच्या द्रावणात बुडवतात; त्यात पोटॅशियम कार्बोनेट आणि इथाइल ओलिएट असतं. सोनेरी-पिवळा रंग हवा असेल तर पुढे गंधकाची धुरी देतात. म्हणजे पिवळ्या बेदाण्यातून गंधक तुमच्या प्रयोगात न सांगता शिरतं आणि कणांचे गुणधर्म बदलतं. म्हणून धुरी न दिलेला तपकिरी किंवा काळा बेदाणा घ्या, शेतकऱ्याला किंवा अडत्याला तसं विचारूनच घ्या, आणि एकदम अर्धा किलो घेऊन बंद डब्यात फ्रीजमध्ये ठेवा. सगळ्या बॅचेस त्याच डब्यातून झाल्या पाहिजेत. दर वेळी नवा बेदाणा आणलात तर दर वेळी नवा पदार्थ बनेल.

नैसर्गिक मालाची ही मर्यादा मान्य करून चाला. वैद्यकीय उपयोगाकडे जायचं असेल, तर त्याच पद्धतीने सायट्रिक आम्ल आणि युरिया यांची एक बॅच समांतर करा. दोन्ही रसायनं शुद्ध मिळतात आणि तुलनेला पक्का आधार मिळतो.

रस आणि ऑटोक्लेव्ह

५ ग्रॅम बेदाणे कोमट डिस्टिल्ड पाण्याने तीन वेळा धुवा. वरचं तेल आणि कार्बोनेट बरंचसं निघून जातं. ६० मिली डिस्टिल्ड पाण्यात रात्रभर फ्रीजमध्ये भिजवा, सकाळी वाटा, सुती फडक्यातून आणि मग फिल्टर पेपरमधून गाळा. गाळलेला रस ५० मिली करून घ्या. यातला ५ मिली बाजूला काढून गोठवून ठेवा. हा न तापवलेला रस पुढे फार उपयोगी पडतो.

उरलेल्या ४५ मिलीमध्ये ०.३ ग्रॅम युरिया विरघळवा. युरियातून नायट्रोजन मिळतो आणि उजेड साधारणपणे वाढतो. जास्त घातला तर आणखी उजळेल असं वाटून मुलं २-३ ग्रॅम टाकायला निघतात. इथे थांबून गणित करा. युरिया तापला की अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड सुटतात. १ ग्रॅम युरिया म्हणजे सुमारे १७ मिलिमोल. पूर्ण फुटला तर सुमारे ५० मिलिमोल वायू. १०० मिलीच्या ऑटोक्लेव्हमध्ये (स्टीलच्या कवचात घट्ट बंद होणारं, दाब सोसणारं टेफ्लॉनचं भांडं) वर ५० मिली जागा मोकळी असेल, तर १८० अंशांना एवढ्या वायूचा दाब सदतीस-अडतीस बारपर्यंत (१ बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाइतका) जाऊ शकतो, आणि पाण्याच्या वाफेचे १० बार वेगळे. अमोनियाचा बराच भाग पाण्यात विरघळतो हे खरं, पण सुरक्षेचं गणित वाईटात वाईट धरूनच करायचं. अनेक साध्या ऑटोक्लेव्हची मर्यादा ३० बारची असते. तुमच्या भांड्याची किती, ते त्याच्यासोबतच्या कागदात पाहा. ०.३ ग्रॅम युरिया घेतला तर वायूचा दाब फार तर ११-१२ बार, वाफ आणि हवा धरून एकूण तेवीसच्या आसपास. म्हणून ०.३.

टेफ्लॉनचं भांडं १०० मिलीचं असेल तर ५० मिलीच्या वर भरू नका. त्यात नायट्रिक आम्ल, हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा कोणतंही ऑक्सिडीकारक द्रव्य साखरेसोबत कधीही बंद करू नका, स्फोट होतो. ‘कुकरमध्ये होईल का?’ हा प्रश्न दरवर्षी येतो. कुकर जेमतेम १२० अंशांना पोहोचतो, तेवढ्यात कण नीट बनत नाहीत, आणि स्वयंपाकाचं भांडं रसायनांसाठी वापरायचंच नाही. काचेच्या बंद बाटलीचा तर विचारही नको.

स्टीलचं कवच घट्ट बंद केल्यावर अख्खं भांडं तराजूवर तोला आणि वजन लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोला. ग्रॅमभर घट दिसली तर झाकणातून वाफ गळली आहे, ती बॅच मोजणीत धरू नका.

वेळापत्रक कॉलेजला सोयीचं आहे. सकाळी ९ वाजता भांडं ओव्हनमध्ये, १८० अंश, ८ तास. जाड स्टील आणि टेफ्लॉनमधून उष्णता आत पोहोचायलाच तासाच्या वर जातो, त्यामुळे वेळ कुठून मोजली ते वहीत स्पष्ट लिहा. संध्याकाळी ओव्हन बंद करा, पण भांडं आतच राहू द्या. उघडायचं दुसऱ्या दिवशी सकाळी, हाताला पूर्ण गार लागल्यावर आणि फ्यूम हूडमध्येच (वायू बाहेर ओढून घेणाऱ्या कपाटात). गरम भांडं नळाखाली धरून गार करणं म्हणजे अपघाताला बोलावणं. मधे वीज गेली तर किती मिनिटं गेली ते लिहा. अर्ध्या तासाच्या वर गेली असेल तर बॅच पुन्हा करा.

आत काय होतं? गुऱ्हाळात काहिलीतला रस आटताना रंग गडद होत जातो तो पाहिला असेल. त्याच जातीच्या क्रिया इथे दाबाखाली आणि पुढच्या टप्प्यापर्यंत होतात. फ्रुक्टोजमधून पाणी निघून जाऊन एचएमएफ नावाचा रेणू बनतो, अमोनियाशी मेलार्ड पद्धतीच्या (पाव भाजताना तपकिरी होतो तशा) क्रिया होतात, रेणू एकमेकांना जोडले जाऊन साखळ्या आणि कडी तयार होतात, आणि त्यांतून कार्बनचे गाभे. सगळेच रेणू या वाटेने शेवटपर्यंत जात नाहीत. काही मधेच थांबतात, आणि त्यांतले काही स्वतःच उजळतात. सायट्रिक आम्ल आणि युरियातून सिट्राझिनिक आम्लाच्या जातीचे निळे उजळणारे लहान रेणू बनतात, हे आता चांगलं माहीत आहे. कार्बन डॉट्सच्या नावाखाली मोजला गेलेला बराच उजेड अशा रेणूंचा असू शकतो.

शुद्धीकरण

भांड्यात तपकिरी पाणी आणि तळाला काळा चोथा मिळेल. चोथा फेकण्याआधी वाळवून तोला, एकूण हिशेबाला लागतो. पाणी फिल्टर पेपरमधून गाळा, १०,००० आरपीएमला २० मिनिटं सेंट्रिफ्यूज करा, वरचं पाणी ०.२२ मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून काढा. अनेकजण इथेच थांबतात आणि मोजमापं सुरू करतात. त्या पाण्यात कण, न जळलेली साखर, एचएमएफ, अमोनियाचे क्षार, बेदाण्यातलं पोटॅशियम आणि उजळणारे लहान रेणू असं सगळं एकत्र असतं.

आता डायलिसिस. नळी (अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्याची पिशवी) १ किलोडाल्टनची घ्या, म्हणजे साधारण त्याहून हलके रेणू बाहेर जातात आणि जड ते आत राहतात. सहज मिळणारी स्वस्त नळी १२ ते १४ किलोडाल्टनची असते. तिच्यातून लहान कणच बाहेर निघून जातात. पिशवीत २० मिली द्रावण भरा आणि एक तृतीयांश जागा रिकामी ठेवून गाठ मारा, कारण साखरेमुळे पाणी आत ओढलं जातं आणि पिशवी फुगते. बाहेर १ लिटर डिस्टिल्ड पाणी, खाली मंद चुंबकीय ढवळणी. दर वेळी पूर्ण समतोल आला तर लहान रेणू पन्नासपट पातळ होतात. तीन बदलांत लाखाहून जास्त पट. २, ४, ८ तासांनी पाणी बदला, मग सकाळ-संध्याकाळ, एकूण ४८ तास. एप्रिल-मे असेल तर सगळं फ्रीजमध्ये ठेवा. साखरेच्या पाण्यावर आपल्याकडच्या उन्हाळ्यात दोन दिवसांत बुरशी धरते.

आणि दर बदलाच्या वेळी बाहेरच्या पाण्याचं ५ मिली राखून त्याची प्रतिदीप्ती (अतिनील उजेड पडल्यावर बाहेर येणारा उजेड) मोजा. आमच्याकडे एका विद्यार्थिनीची बॅच टॉर्चखाली इतकी सुंदर निळी दिसत होती की आम्ही सगळ्यांना बोलावून दाखवली. डायलिसिस लावल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेरचं पाणी निळं आणि पिशवीतलं जवळजवळ काळं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पण पिशवीत उरलेला जो मंद उजेड होता तो खरा होता, आणि तिने पुढचं सगळं काम त्यावरच केलं. बाहेरचं पाणी साध्या पाण्याइतकं शांत झालं आणि आत उजेड उरला, तर तो तुमचा.

शेवटी आधी तोललेल्या पेट्री डिशमध्ये ५ मिली द्रावण ६० अंशांना वाळवून वजन घ्या. त्यावरून मिलीला किती मिलिग्रॅम ते कळतं. हा आकडा नसेल तर पुढची एकही जैविक चाचणी करता येत नाही.

तुलनेच्या बॅचेस

चार लागतात. न तापवलेला रस अधिक युरिया, तोही डायलिसिस करून. युरियाशिवाय तापवलेला रस. फक्त युरियाचं पाणी तापवून. आणि चौथी, जी कोणी करत नाही: धुतलेल्या टेफ्लॉनमध्ये नुसतं डिस्टिल्ड पाणी घालून १८० अंश, ८ तास. टेफ्लॉन आधीच्या बॅचमधले रंगीत रेणू धरून ठेवतं आणि पुढच्या वेळी सोडतं. हे पाणी उजळलं तर भांडं अजून स्वच्छ नाही.

धुण्यावरूनच आणखी एक. कपड्यांच्या पावडरीत पांढरेपणा दाखवणारी द्रव्यं असतात आणि ती अतिनील उजेडात लख्ख निळी दिसतात. काचसामान त्या पावडरीने धुतलं तर रिकामी नळीसुद्धा कार्बन डॉट्स असल्यासारखी उजळेल. कागद, शर्टाची कॉलर, प्लास्टिकची क्युव्हेट यांनाही उजेड असतो. टॉर्चही पाहून घ्या. बाजारातले बरेच टॉर्च ३९५ नॅनोमीटरचे असतात. त्यांचा स्वतःचा जांभळा उजेड नमुन्याचा समजला जातो. अतिनील उजेडासमोर चष्मा घालाच.

मोजमाप

यूव्ही-व्हिजिबलमध्ये (कोणत्या तरंगलांबीचा उजेड किती शोषला जातो त्या आलेखात) २६० ते २८० नॅनोमीटरजवळ खांदा आणि ३२० ते ३६० च्या पट्ट्यात दुसरा, असं बहुधा दिसतं. एचएमएफही २८४ च्या आसपास शोषतं, म्हणून डायलिसिसआधीचा आणि नंतरचा आलेख एकावर एक ठेवून पाहा.

प्रतिदीप्तीसाठी क्वार्ट्झची क्युव्हेट (मोजणीची चौकोनी नळी) घ्या आणि द्रावण इतकं पातळ करा की उत्तेजन तरंगलांबीला (नमुन्यावर टाकलेल्या उजेडाच्या तरंगलांबीला) शोषण ०.१ च्या खाली येईल. गडद द्रावण स्वतःचाच उजेड गिळतं आणि आकडे खोटे येतात. उत्तेजन ३०० ते ४८० पर्यंत वीस-वीसने बदला. ३५० ला उत्तेजन दिल्यावर ३९७ च्या आसपास एक छोटा टेकाड दिसला तर आनंदी होऊ नका, तो पाण्याचा रामन उजेड आहे, म्हणजे पाण्याच्या रेणूंनीच विखुरलेला. उत्तेजन ४०० ला नेलं की तो ४६३ ला सरकतो. कार्बन डॉट्सचं शिखरही उत्तेजनाबरोबर सरकतं, म्हणून मंद नमुन्यात ही गल्लत फार होते. साध्या पाण्याचा आलेख वजा करा.

क्वांटम यील्डसाठी (शोषलेल्या उजेडापैकी किती परत बाहेर पडतो ते काढण्यासाठी) तुलनेला क्विनीन सल्फेट ०.१ मोलर सल्फ्युरिक आम्लात घ्या. त्याचं मूल्य ०.५४ धरतात. हायड्रोक्लोरिक आम्ल चालत नाही, क्लोराइडमुळे क्विनीनचा उजेड मालवतो. दोन्ही द्रावणांची शोषणं ०.०२ ते ०.१ मध्ये पाच-पाच ठिकाणी ठेवा, प्रत्येकाला आलेखाखालचं क्षेत्रफळ काढा, शोषणाविरुद्ध रेषा मांडा. दोन्ही द्रावणं पाण्यातली असल्याने अपवर्तनांक जवळजवळ सारखेच. समजा क्विनीनच्या रेषेचा चढ १००० आणि तुमचा १२०, तर ०.५४ गुणिले ०.१२, म्हणजे साडेसहा टक्के. शुद्ध केलेल्या फळाच्या कणांना एवढं आलं तर वाईट नाही. सायट्रिक आम्ल आणि इथिलीनडायअमाइन वापरून २०१३ मध्ये ८० टक्क्यांच्या आसपासचं मूल्य मिळाल्याचं प्रसिद्ध आहे. त्या मिश्रणातही उजळणारा लहान रेणू बनतो हे पुढे दिसून आलं. त्या आकड्याशी आपली तुलना करून निराश होऊ नका.

टीईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक), एक्सआरडी (क्ष-किरण विवर्तन) आणि एफटीआयआरसाठी (अवरक्त वर्णपट) आपल्याकडून कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या उपकरण केंद्राकडे चौकशी करणं सोयीचं. टीईएमला नमुना डायलिसिस केलेलाच पाठवा. उरलेली साखर इलेक्ट्रॉनच्या झोतात करपते आणि सगळं चित्र काळं होतं. अतिपातळ कार्बन फिल्मची ग्रिड (नमुना ठेवायची बारीक जाळी) मागा, कारण जाड कार्बनवर कार्बनचे कण दिसत नाहीत. निदान २०० कण मोजून सरासरी काढा. एक्सआरडीत वीस ते पंचवीस अंशांमध्ये रुंद उंचवटा हवा. टोकदार शिखरं आली तर ते बहुधा पोटॅशियमचे क्षार आहेत. बेदाण्यात पोटॅशियम मुळातच भरपूर, त्यात डिपिंगचं. अशा वेळी डायलिसिस आणखी २४ तास चालवा.

रसायनशास्त्रातला उपयोग: लोह ओळखणं

फेरिक आयनाने (पाण्यात विरघळलेल्या लोहाच्या एका रूपाने) उजेड मालवतो, हा सगळ्यात लोकप्रिय प्रयोग. करा, पण एक फसगत टाळा. फेरिकचं द्रावण स्वतः ३०० ते ३६० च्या पट्ट्यात उजेड शोषतं. म्हणजे लोह कणांना चिकटलं नसलं तरी उजेड कमी दिसतो. दर टप्प्याला शोषणही मोजा आणि उत्तेजन व उत्सर्जन या दोन्ही तरंगलांबींची शोषणं मिळवून, अर्धी करून, दहाचा तो घात मोजलेल्या उजेडाला गुणा. दुरुस्तीनंतरही घट उरली तरच तिला अर्थ आहे. फेरिक क्लोराइड आम्लधर्मी असतं, म्हणून तितक्याच पीएचचं नुसतं आम्ल घालून एक तुलना ठेवा. द्रावण रोज ताजं करा. शोधमर्यादा म्हणजे कोऱ्या नमुन्याच्या प्रमाण विचलनाची तिप्पट भागिले रेषेचा चढ. कोरा नमुना निदान दहा वेळा मोजा.

जैववैद्यकाकडे जाताना

दवाखान्यांचं मिरज शेजारीच आहे, त्यामुळे ‘पेशींवर करून पाहू’ हा विचार लवकर येतो. त्याआधी द्रावणाचा पीएच ७.४ ला आणा आणि डायलिसिस खरंच संपलं आहे याची खात्री करा. उरलेला अमोनिया पेशी मारतो आणि दोष कणांना लागतो. एमटीटी चाचणीत (पेशी जिवंत आहेत का ते रंगावरून सांगणाऱ्या) पेशी नसलेल्या विहिरींमध्येही (चाचणीच्या ताटलीतल्या खळग्यांमध्येही) कण आणि एमटीटी ठेवा, कारण कण स्वतः रंग शोषतात आणि एमटीटीचं क्षपणही करू शकतात. पेशी मेल्या असूनही जिवंत असल्यासारखा आकडा येतो. १० ते ५०० मायक्रोग्रॅम प्रति मिली, २४ आणि ४८ तास, प्रत्येक मात्रेला निदान तीन विहिरी, आणि अख्खा प्रयोग तीन वेगळ्या बॅचेसवर.

०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरने जिवाणू अडतात, त्यांची एंडोटॉक्सिन विषं अडत नाहीत. त्यासाठी वेगळी चाचणी लागते. रक्तावर किंवा प्राण्यांवर काही करायचं तर संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी आधी. ‘बेदाण्याचंच आहे’ म्हणून हे पाणी जखमेला लावून किंवा पिऊन पाहण्याचा मोह कोणाला झाला, तर त्याला तिथेच थांबवा. १८० अंशांना आठ तास राहिलेला तो बेदाणा उरलेला नाही.

साठवण गडद बाटलीत, ४ अंशांना. दर आठवड्याला एकदा उजेड मोजा. दिव्याखाली दोन तास ठेवून किती उतरतो तेही पाहा, लहान रेणू बहुतेकदा कणांपेक्षा लवकर विटतात. बाटलीवर बॅच क्रमांक, बेदाण्याच्या डब्याची तारीख, युरियाचं वजन, तापमान-वेळ, डायलिसिसचे तास, मिलीतले मिलिग्रॅम आणि त्याच भांड्यातल्या कोऱ्या पाण्याचा उजेड किती होता, एवढं पेन्सिलने लिहा. फ्रीजच्या दमटपणात पेनची शाई पसरते.